पाणतीराचा नेम : हाताने की यंत्राने?

यवतमाळ जिल्ह्यातून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. वर्धेच्या किंवा पैनगंगेच्या पात्रात पाणबुडी शिरण्याचा प्रश्नच येत नाही. पण संगणक जिथे पोचतो तिथे त्याचे खेळही पोचतात, आणि संगणकावरील खेळांत पाणबुडीच्या खेळांची एक जुनी, मानाची परंपरा आहे. १९८५ चा ‘सायलेंट सर्व्हिस’, १९९४ चा ‘एसेस ऑफ द डीप’, १९९६ चा ‘सायलेंट हंटर’ आणि २००५ चा ‘सायलेंट हंटर ३’ ही त्यांतली ठळक नावे. धडाधड गोळ्या झाडण्याचे हे खेळ नव्हेत. तासन्‌तास वाट पाहणे, मापे घेणे आणि मग एकदाच टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, सोडणे असे त्यांचे स्वरूप आहे. म्हणूनच विज्ञान-गणिताच्या शिक्षकाने त्यांच्याकडे जरा चिकित्सक नजरेने पाहण्यासारखे आहे.

या खेळांच्या चाहत्यांत एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे : नेम हाताने धरावा की यंत्रावर सोपवावा? ‘सायलेंट हंटर ३’ मध्ये खेळ सुरू करण्यापूर्वी पर्यायांची एक यादी समोर येते. जो जो कठीण पर्याय निवडावा, त्याप्रमाणे वास्तवतेची टक्केवारी वाढते. ‘नेम हाताने’ हा त्यांतलाच एक पर्याय. एका पक्षाचे म्हणणे असे, की हाताने नेम धरणे हेच खरे. बाकी सारा पोरखेळ. दुसरा पक्ष विचारतो, की खऱ्या पाणबुडीवर कप्तानाच्या हाताखाली अधिकारी होते, हिशेबाचे यंत्र होते. मग सगळी आकडेमोड मी एकट्याने का करावी? प्रश्न दोघांचाही रास्त आहे. पण माझ्या मते दोघेही एक महत्त्वाचा भेद नजरेआड करतात. हिशेब कोणी केला हा भेद तितकासा मोठा नाही. निरीक्षण कोणी केले, हा भेद मोठा आहे. हे पटण्यासाठी आधी नेमाचे गणित थोडक्यात पाहू.

नेमामागचा त्रिकोण

पाणतीर सुटल्यावर सरळ रेषेत जातो (येथे आपण दुसऱ्या महायुद्धातील साध्या पाणतीराचा विचार करीत आहोत). जहाज तोवर पुढे सरकलेले असते. म्हणून जहाज आता जिथे दिसते तिथे नेम धरून उपयोग नाही; ते जिथे पोचणार आहे तिथे धरावा लागतो. पाणबुडी, जहाजाची आताची जागा आणि दोघांच्या भेटीची जागा असा एक त्रिकोण तयार होतो. जहाज आपल्याकडे तोंड करून येत आहे, आडवे चालले आहे की पाठ फिरवून जात आहे, यावर त्रिकोणाचा एक कोन ठरतो. त्याला आपण ‘रोखकोन’ म्हणू. जहाज बरोबर आडवे चालले असेल तर रोखकोन ९० अंश. जहाजाच्या सध्याच्या दिशेपेक्षा किती अंश पुढे नेम धरायचा, त्याला ‘आगाऊ कोन’ म्हणू.

साइनच्या नियमावरून लगेच मिळते : आगाऊ कोनाचा साइन म्हणजे जहाजाचा वेग भागिले पाणतीराचा वेग, गुणिले रोखकोनाचा साइन. जहाज १० नॉट, पाणतीर ३० नॉट आणि रोखकोन ९० अंश असेल, तर साइन एक तृतीयांश येतो आणि आगाऊ कोन सुमारे १९.५ अंश. (एक नॉट म्हणजे ताशी १,८५२ मीटर, अर्थात सेकंदाला सुमारे ०.५१ मीटर.)

चाणाक्ष विद्यार्थ्याच्या येथे एक गोष्ट लक्षात यावी. या सूत्रात अंतर कुठेच नाही! जहाज ५०० मीटरवर असो वा १,००० मीटरवर, आगाऊ कोन तोच. कारण अंतर दुप्पट झाले की त्रिकोणाच्या तिन्ही बाजू दुप्पट होतात. समरूप त्रिकोणांचे कोन बदलत नाहीत. पाणतीराला बाहेर पडल्यावर वळण घ्यायला लावले, तर हिशेबात अंतर येते; सरळ नाकासमोर सोडला तर येत नाही. दहावीच्या वर्गात समरूपतेचे याहून जिवंत उदाहरण सहज मिळणार नाही.

कोणती चूक महाग पडते?

आता खरी गंमत सुरू होते. पेरिस्कोपमधून काही सेकंदच बघायला मिळते आणि प्रत्येक मापात चूक असतेच. मग कोणती चूक चालून जाते आणि कोणती नाही?

समजा जहाज १२० मीटर लांबीचे, १,००० मीटरवर, १० नॉट वेगाने आडवे चालले आहे. आपण रोखकोन ९० ऐवजी ७० अंश धरला. वीस अंशांची चूक म्हणजे फारच मोठी. पण ७० अंशांचा साइन ०.९४ आहे, आगाऊ कोन १९.५ ऐवजी १८.३ अंश येतो. पाणतीर जहाजाच्या मध्यापासून जेमतेम २१ मीटर मागे जाऊन आदळतो. जहाज मध्यापासून दोन्हीकडे ६० मीटर पसरलेले आहे, नेम लागला.

आता रोखकोन अचूक धरला, पण जहाजाचा वेग १२ नॉट असताना १० नॉट समजलो. चूक केवळ दोन नॉटची. पाणतीर जहाजाचा मार्ग ओलांडतो तेव्हा जहाजाचा मध्य ७१ मीटर पुढे गेलेला असतो. नेम हुकला. हीच चूक ५०० मीटरवरून केली असती तर फरक निम्मा, म्हणजे ३५ मीटर झाला असता आणि नेम लागला असता. अनुभवी कप्तान जीव धोक्यात घालून जवळ का जात, याचे एक उत्तर या साध्या आकड्यांत आहे. सूत्रात नसलेले अंतर चुकीच्या किमतीत मात्र येते.

मग वेग मोजायचा कसा? खेळात आणि प्रत्यक्षातही एक सोपी रीत आहे. आपण स्थिर राहून पेरिस्कोपची उभी रेघ धरून ठेवायची आणि जहाज नाकापासून शेपटीपर्यंत ती ओलांडायला किती सेकंद घेते ते मोजायचे. १२० मीटरचे जहाज १० नॉटने जात असेल तर सुमारे २३ सेकंद लागतात. घड्याळात एका सेकंदाची चूक झाली तर वेग चार टक्क्यांनी चुकेल, चालून जाईल. पण जहाज ओळखण्यातच चूक झाली, १२० मीटरचे जहाज १५० मीटरचे समजले, तर वेग २५ टक्क्यांनी चुकतो. म्हणजे घड्याळापेक्षा जहाजाच्या चित्रांचे पुस्तक नीट वाचणे महत्त्वाचे!

अंतर काढायची रीतही सुंदर आहे. २५ मीटर उंचीची डोलकाठी एका अंशाचा कोन करीत असेल तर अंतर सुमारे १,४३० मीटर. कोन वाचताना पाव अंश कमी वाचला तर तेच अंतर १,९१० मीटर येते. उंची आणि अंतर यांची उदाहरणे आपण दरवर्षी सोडवून घेतो. पण कोन वाचण्यात थोडी चूक झाली तर उत्तर किती हलेल, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात क्वचितच येतो. हाताने नेम धरणाऱ्याला तो दर खेपेला पडतो.

जुने यंत्र काय करीत होते?

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पाहू. अमेरिकन पाणबुड्यांवर खरोखरच नेमाचे गणनयंत्र होते. दांतेरी चाके, कॅम आणि विजेच्या मोटारी यांनी बनलेले हे यंत्र पाणबुडीचे आणि जहाजाचे स्थान सतत पुढे चालवीत नेई आणि पाणतीराने किती वळावे हे ठरवी. जर्मनांकडेही आगाऊ कोन काढणारे यंत्र होते. ब्रिटिशांच्या साध्या यंत्राला खलाशी गमतीने ‘फ्रूट मशीन’ म्हणत. तेव्हा खऱ्या कप्तानाने साइनचे कोष्टक घेऊन बसावे लागत नव्हते, हे खरे आहे.

पण त्या यंत्राला डोळे नव्हते. वेग, अंतर आणि रोखकोन ही तीन मापे माणसाने पेरिस्कोपमधून घेऊन त्यात भरायची असत. अंदाज चुकला तर यंत्र चुकीच्या अंदाजाचे अगदी बिनचूक उत्तर देई. मग पुन्हा निरीक्षण करून, यंत्राने वर्तविलेली जागा आणि प्रत्यक्ष दिसणारी जागा यांत फरक पडला की मापे सुधारायची. अंदाज, भाकीत, पडताळा आणि सुधारणा हा क्रम आपण विज्ञानाची पद्धत म्हणून फळ्यावर लिहितो, तोच हा क्रम.

खेळातला स्वयंचलित नेम हे असे यंत्र नाही. खेळाडूने जहाजावर पेरिस्कोप रोखून कळ दाबली की खेळ स्वतःच्याच स्मृतीतून जहाजाचा खरा वेग आणि खरा रोख उचलतो. एक छोटा त्रिकोण हिरवा, पिवळा किंवा लाल होऊन नेम कितपत चांगला आहे तेही सांगतो. हे हिशेबाला मदत करणे नव्हे. हे उत्तरपत्रिका उघडून दाखविणे आहे. गणकयंत्र वापरणारा विद्यार्थी आणि मागच्या पानावरील उत्तर उतरविणारा विद्यार्थी यांत जो फरक, तोच येथे आहे. माझा आक्षेप एवढ्यासाठीच आहे. खेळाने स्वयंचलित पर्याय दिला हे वाईट नाही, पण यंत्राच्या नावाखाली त्याने निरीक्षणच काढून घेतले, हे वाईट.

हाताचा नेम तरी किती खरा?

हाताने नेम धरणाऱ्यांनीही फार ताठ्यात राहू नये. ‘सायलेंट हंटर ३’ मध्ये हाताचा नेम निवडूनही नकाशावर जहाजांची ताजी स्थिती दाखविणारा पर्याय चालू ठेवता येतो. मग खेळाडू पेरिस्कोप बाजूला ठेवून नकाशावर पट्टी आणि कोनमापक लावतो व खेळाने आयते पुरविलेले सत्यच मोजतो. मेहनत हाताची, पण माहिती चोरीची! शस्त्राधिकाऱ्याकडून तयार उत्तर मागण्याची सोयही वेगळी आहे, ती निराळी बंद करावी लागते. शिवाय खेळाच्या पुस्तकात डोलकाठीची उंची नेमकी दिलेली असते आणि एका प्रकारची सारी जहाजे मापाने सारखी असतात. खऱ्या समुद्रावर तसे नसते. मालाने भरलेले जहाज खोल बसते, रिकामे वर येते आणि शत्रू तर वेडीवाकडी वळणे घेत जातो.

तरीही दोहोंत निवड करायची झाली तर मी हाताच्या नेमाच्या बाजूने कौल देईन, मात्र नकाशाची सोय बंद करून. कारण चुकल्यावर तो विचार करायला लावतो. पाणतीर मागून गेला, म्हणजे वेग कमी धरला असावा, हा तर्क विद्यार्थी आपोआप करतो. स्वयंचलित नेम हुकला तर ‘खेळात काहीतरी बिघाड आहे’ एवढेच म्हणता येते.

समुद्राने दिलेली उत्तरे

नेम अचूक असणे म्हणजे परिणाम निश्चित असणे नव्हे, हे इतिहासाने फार कडू रीतीने शिकविले आहे. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत तिचा ‘मार्क १४’ पाणतीर सतत दगा देत होता. दोष कप्तानांच्या नेमाचाच, असे वरिष्ठ बराच काळ मानत राहिले. शेवटी १९४२ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियातील आल्बनी येथे लॉकवूड या नौदल अधिकाऱ्याने एक अगदी साधा प्रयोग केला. समुद्रात कोळ्यांचे जाळे टांगले, त्यातून पाणतीर सोडले आणि जाळ्याला पडलेल्या भोकांची खोली मोजली. पाणतीर ठरविलेल्या खोलीपेक्षा सुमारे १० फूट खालून जात होते!

तो दोष निघाला तरी दुसरा उरलाच. २४ जुलै १९४३ रोजी ‘टिनोसा’ या पाणबुडीने एका मोठ्या जपानी तेलवाहू जहाजाला थांबविले आणि मग त्या उभ्या जहाजावर अगदी काटकोनात एकामागून एक पाणतीर सोडले. ते आदळले, पण फुटले नाहीत. पुढे हवाईत यारीने पाणतीर उंचावरून पोलादी पत्र्यावर टाकून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. काटकोनात आदळल्यावर धक्का इतका जोराचा बसे, की स्फोट घडविणारा खिळा अडकून बसे. तिरका आदळला तर फुटण्याची शक्यता जास्त. म्हणजे पाठ्यपुस्तकातला आदर्श नेमच सर्वांत फुसका ठरत होता. खेळातला हिरवा त्रिकोण याविषयी काहीही सांगू शकत नाही. फुसक्या पाणतीरांचा पर्याय खेळात आहे. पण कारण शोधण्याचा प्रयोग मात्र तिथे करता येत नाही.

आपल्याकडील घटनाही शिक्षकांनी सांगितल्या पाहिजेत. १९७१ च्या डिसेंबरमध्ये विशाखापट्टणमजवळ बुडालेली पाकिस्तानची ‘गाझी’ ही मूळची अमेरिकेची ‘डायब्लो’, ‘सायलेंट हंटर’ या खेळातील पाणबुड्यांच्याच घराण्यातली. त्याच महिन्यात ९ तारखेच्या रात्री, मुंबईहून निघालेल्या ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या आपल्या युद्धनौकांना दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर ‘हंगोर’ या पाणबुडीने गाठले. किरपाणवर सोडलेला पहिला पाणतीर फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला आणि काही मिनिटांतच ती बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. हे पाणतीर लक्ष्याचा आवाज ऐकत जाणारे होते. तरी एक फुकट गेलाच.

खेळात बुडालेल्या जहाजाची नोंद टनांत होते. माणसांची होत नाही. हे खेळ वर्गात चर्चेला घेणाऱ्या शिक्षकाने खुकरीचे आकडे टनांच्या शेजारी फळ्यावर लिहावेत. गणित तेच राहते, पण ते कशाचे गणित आहे हे मुलांना कळलेले बरे.

आजचे पाणतीर स्वतः लक्ष्य शोधतात आणि काही तारेने जोडलेले असल्याने पाणबुडीतून वळविता येतात. माझगाव गोदीत बांधलेली आणि १९९२ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘शाल्की’ अशाच तारेच्या पाणतीरांसाठी बनविलेल्या वर्गातील. मग वरचे सगळे गणित जुने झाले का? नाही. लक्ष्याचा वेग आणि रोख यांचा अंदाज आजही बांधावाच लागतो. फक्त पेरिस्कोपची जागा बऱ्याच अंशी सोनारने, म्हणजे आवाजाने, घेतली आहे.

शाळेच्या मैदानावर

यासाठी संगणकाची गरज नाही. मैदानावर फक्कीची एक लांब रेघ आखा. पाच मुलांनी हात धरून एकामागे एक उभे राहावे. हे झाले ‘जहाज’. एका मुलाने टाळ्या वाजवाव्यात. जहाजाने दर टाळीला एक पाऊल टाकावे. रेघेपासून २० पावलांवर उभ्या असलेल्या ‘पाणतीरा’ने दर टाळीला तेवढ्याच लांबीची दोन पावले सरळ रेषेत टाकावीत. जहाजाचा मध्य बरोबर समोर आला की सुरुवात. वेगांचे गुणोत्तर एकास दोन, रोखकोन काटकोन. म्हणून आगाऊ कोन बरोबर ३० अंश. कोनमापकाने दिशा ठरवून दोरी ताणून ठेवा. बारा टाळ्यांच्या आत भेट व्हावी. मग पाणतीर ३० पावलांवर नेऊन तोच कोन ठेवा. भेट पुन्हा होते. सूत्रात अंतर का नाही, हे मुलांना पायांनी समजते.

तिसऱ्या फेरीत जहाजाला गुपचूप सांगा, की दोन टाळ्यांत तीन पावले टाका. आता नेम हुकेल. का हुकला ते न सांगता पुढच्या फेरीपूर्वी एका गटाला जहाजाचा वेग मोजू द्या. एक काठी रोवून, जहाज ती ओलांडायला किती टाळ्या घेते, हे त्यांनी मोजावे. त्यातून निघालेल्या वेगावरून नवा कोन काढावा.

वणीच्या बाजूच्या शाळांना आणखी एक सोय आहे. कोळशाच्या मालगाडीचा उघडा डबा जोडासह सुमारे १०.७ मीटर लांब असतो. फलाटावरून किंवा बंद फाटकामागे सुरक्षित उभे राहून, विजेच्या खांबापुढून ५८ डबे जायला ६२ सेकंद लागले असे मोजले, तर गाडीचा वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. वर्गातील चार गटांनी स्वतंत्रपणे मोजून आपापली उत्तरे शेजारी शेजारी लिहावीत आणि ती का जुळत नाहीत याची चर्चा करावी.

ज्या शाळेत संगणक आहे आणि असा खेळ उपलब्ध आहे, तिथे स्वयंचलित नेमही उपयोगी पडू शकतो, पण शेवटी. आधी मुलांनी स्वतः वेग, रोखकोन आणि आगाऊ कोन वहीत लिहावा, त्यात किती चूक संभवते तेही लिहावे आणि मगच यंत्राचे उत्तर उघडून ताडून पाहावे. छायाचित्र काढताच गणित सोडवून देणारी साधने आज मुलांच्या खिशात आहेत. ती काढून घेता येणार नाहीत. त्यांच्या आधी वहीत एक अंदाज लिहिलेला असावा, एवढा आग्रह मात्र आपण धरू शकतो.